हंड्यावरचं व्याज

नाशिक रोडला राहते असं सांगितलं की बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात, "म्हणजे नोटा छापतात तेच गाव ना?" तेच. १९२८ साली इथल्या करन्सी नोट प्रेसमधून पाच रुपयांची नोट छापून बाहेर पडली आणि गावाला ही ओळख चिकटली. पोस्टाची तिकिटं आणि स्टँप छापणारी सिक्युरिटी प्रेस त्याच्याही आधीची. शिफ्ट सुटली की सायकलींची रांग लागायची, आणि ज्या हातांनी दिवसभर नोटा हाताळल्या त्याच हातांच्या माणसांची गेटावर झडती व्हायची. आमच्या वस्तीत प्रेसची नोकरी असलेली घरं मोजून तीन. त्या घरातल्या मुलांची लग्नं मुलगा न बघताच जमतात, असं माझी आजी म्हणायची. बाकी आम्ही सगळे नोटांचे शेजारी.

मागच्या महिन्यात जेलरोडच्या एका भगिनीचं पत्र आलं. तिनं लिहिलं होतं, "ताई, आपल्या पानावर गरिबीच्या आठवणी पुष्कळ येतात. आईनं उपाशी राहून शिकवलं, बापानं ओझी वाहून शिकवलं. वाचून डोळ्यांत पाणी येतं. पण कर्ज किती होतं, व्याज किती होतं, ते फिटलं कसं, हे कुणी लिहीत नाही. आमच्या घरी आज तेच चाललंय म्हणून विचारते."

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे अपमान सांगायची लाज आता राहिली नाही, ती बाबासाहेबांनी घालवली. पैशाची लाज मात्र अजून आहे. घरात काय गहाण पडलं होतं हे सांगताना आजही माणसं आवाज खाली आणतात. म्हणून या वेळी आमच्या घरचा हिशेब मांडते. हिशेब पक्का आहे, कारण तो लिहिलेला आहे. कुणी लिहिला ते पुढं येईलच.

आमचं घर रेल्वेलाइनच्या पलीकडच्या वस्तीत होतं. दहा बाय बाराची एकच खोली, मातीच्या भिंती, वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली जमीन. माणसं सहा : आजी, आई, आबा, थोरली आक्का, मी आणि धाकटा भाऊ. एका भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, समोरच्या भिंतीला भांड्यांची फळी. त्या फळीवर घराची सगळी इस्टेट. पितळेचे तीन डबे, परात, तांब्या-पेले, आणि या सगळ्यांच्या मधोमध तांब्याचा हंडा. आईचं लग्न १९५७ सालचं. धम्मदीक्षेनंतर तिच्या गावात बौद्ध पद्धतीनं लागलेलं ते पहिलं लग्न. आजोबांनी हंड्यावर नाव घालून घेतलं होतं : वर 'जयभीम', खाली आईचं नाव आणि तारीख. कोरणाऱ्यानं 'जयभीम'मधला 'भी' जरा वाकडा काढला होता.

घरात पैशाची ओढ आहे की नाही हे आम्हा पोरांना विचारावं लागत नसे. फळीकडे पाहिलं की कळायचं. एखादं भांडं गेलं की आई बाकीची भांडी थोडी थोडी सरकवून ठेवायची, मधली फट दिसू नये म्हणून. पाहुण्यांना दिसत नसे. आम्हाला दिसायची. डबे असे ऐसपैस बसले की दोन दिवस चपलेचा अंगठा तुटल्याचं सांगायचं नाही, वही संपली म्हणायचं नाही, हे आम्ही शिकलो होतो.

आबा स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाली करायचे. वाघीण लागली तर काम. सिमेंट, खत, धान्य, जे येईल ते पाठीवर घ्यायचं. टोळीचा हिशेब पोत्यामागं, मुकादमाचा वाटा वजा करून. भरला दिवस असेल तर चार-साडेचार रुपये, आणि वाघीण नाही लागली तर धक्क्यावर बिडी ओढत बसून संध्याकाळी रिकाम्या हातानं घरी. हमालांसाठी माथाडी कायदा १९६९ साली झाला, पण आमच्या आबांच्या टोळीपर्यंत तो पोचायला बरीच वर्षं गेली. आई बांधकामावर घमेली वाहायची. तिला अडीच रुपये. तिच्या शेजारी तेच घमेलं उचलणाऱ्या गड्याला चार. समान वेतनाचा कायदा १९७६ सालचा, पण घमेल्याचं वजन त्याआधीही दोघांना सारखंच होतं.

या मिळकतीत घर चालतच नसे असं नाही. चालायचं. गरीब घर रोजच्या खाण्यापिण्यानं कर्जात बुडत नाही, हे मी पुढं नोकरीत शेकडो पालकांकडे पाहून खात्रीनं सांगते. ते बुडतं एखाद्या झटक्यानं, आणि वर येत नाही ते व्याजामुळं.

आमच्यावर झटका आला तो १९७२ च्या दुष्काळात. सिन्नरकडच्या गावाहून आत्या आणि तिची तीन पोरं आमच्याकडे राहायला आली. सहाची दहा माणसं झाली. रेशनवर तांबडा मिलो मिळायचा. परदेशातून आलेली ती ज्वारी, तिच्या भाकरीला ना चव ना वळण. थापताना कडा फुटायच्या. आजी म्हणायची, "ह्या भाकरीला बी आपल्यावानी गाव न्हाई." त्या जूनमध्ये आक्काची शाळा सुटली. ती सातवी पास झाली होती, वर्गात तिसरा नंबर. कुणी तिला शाळा सोड असं म्हटलं नाही. एके दिवशी आई घमेलं घेऊन निघाली आणि आक्का दुसरं घमेलं घेऊन तिच्यामागं निघाली, एवढंच.

मलाही मामाकडे पाठवायची बोलणी झाली होती. एक तोंड कमी करणं हा तेव्हाचा सर्रास उपाय. आमच्या शेजारच्या विहितगावात १९३० साली जन्मलेले बाबुराव बागूल लहानपणीच मुंबईला मावशीकडे गेले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात वाढले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्यांनी पुढं काय लिहिलं तेही ठाऊक आहे. मी मात्र गेले नाही. आजीनं पाठवू दिलं नाही.

१९७३ च्या एप्रिलमध्ये पोतं घसरून आबांची कंबर धरली. दीड महिना अंथरूण. आईनं हंडा आणि परात उचलली आणि बाजारातल्या सावकाराकडे ठेवून साठ रुपये आणले. व्याज शेकडा दहा. वर्षाला नव्हे, महिन्याला. म्हणजे साठ रुपयांवर दरमहा सहा रुपये. वर्षाला बहात्तर. घेतले साठ आणि वर्षाचं व्याज बहात्तर, हे गणित तेव्हा घरात एकटीलाच समजत होतं, आक्काला.

आक्काची सातवीची गणिताची वही अर्धी कोरी राहिली होती. शाळा सुटली तशी तिनं ती वही उलटी केली आणि मागच्या पानापासून घरचा जमाखर्च लिहायला सुरुवात केली. एका बाजूला भूमितीचे त्रिकोण, दुसऱ्या बाजूला रॉकेल, मीठ, सावकार. किराणा उधारीवर यायचा. दुकानदाराच्या वहीत एका महिन्यात रॉकेल दोनदा मांडलं होतं, ते आक्कानं दाखवून दिलं. दुकानदार हसला, म्हणाला, "पोरगी वकील व्हायची." आणि नोंद खोडली. त्या दिवसापासून किराणा आणायला आक्कानंच जायचं असं ठरलं. तिच्या सातवीचा घराला एवढा उपयोग झाला. तिला स्वतःला आठवी मिळाली नाही.

मग १९७४ चा मे महिना. रेल्वेचा देशव्यापी संप. ८ मेला सुरू झाला, २७ मेला मागं घेतला. त्या संपावर पुष्कळ लिहिलं गेलंय, कामगारांच्या धैर्यावर, तुरुंगात गेलेल्यांवर. ते सगळं खरं आणि मोलाचं. पण मालधक्क्यावरचे हमाल कुणाच्याच यादीत नव्हते. ते रेल्वेचे नोकर नव्हते, म्हणून संपकरीही नव्हते. फक्त वाघिणी बंद पडल्या आणि त्यांची चूल बंद पडली. आबा संपाच्या बाजूचे होते. रोज धक्क्यावर जाऊन बसायचे आणि घरी येऊन सांगायचे, "आजबी एक गाडी हलली न्हाई," असं अभिमानानं. आई ऐकून घ्यायची आणि शेजारी वाटीभर पीठ मागायला जायची. आक्काच्या वहीत त्या महिन्यापुढं सावकाराच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे.

आता मुख्य गोष्ट. ऑगस्ट १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कर्जमुक्तीचा वटहुकूम काढला, पुढं त्याचा कायदा झाला. छोटे शेतकरी, शेतमजूर, कारागीर आणि ठराविक मिळकतीच्या आतले शहरी कामगार यांची सावकारी कर्जं रद्द, आणि गहाण ठेवलेल्या वस्तू परत द्यायच्या. सावकार मंडळी कोर्टात गेली. १९७७ साली सुप्रीम कोर्टानं फत्तेचंद हिम्मतलाल खटल्यात हा कायदा उचलून धरला. निकालपत्र न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचं. पण ते पुढचं. ऑगस्टमधल्या त्या संध्याकाळी वस्तीत कंदिलाच्या उजेडात कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचून दाखवला आणि घराघरांत भांडणं लागली.

भांडणं का, असं वाटेल. हंडा फुकट परत मिळतोय, मग अडलं कुठं?

आमच्या घरातलंच सांगते. आबा म्हणाले, "उद्या सकाळी जाऊन हंडा आणायचा. सरकारनं कायदा केलाय, भीक न्हाई मागत."

आई म्हणाली, "आना. आन् मंग पुढं?"

"पुढं काय?"

"पोरगं तापानं फनफनलं, रातचे दहा रुपये लागले, तर कोनाच्या दारात जायाचं? कायद्याच्या? तुमचा कायदा हंडा दील. दहा रुपये दील का?"

आबा गप्प झाले. वस्तीत निम्म्या बायका हेच म्हणत होत्या. सावकार वाईट, पण त्याचं दार उघडं होतं. बँकेच्या दारातून आम्हाला आत जाता येतं हे तेव्हा आमच्या वस्तीला ठाऊकच नव्हतं. काही घरांनी तर कायदा असूनही सावकाराकडे गुपचूप जाऊन सांगितलं की आमचं व्याज चालू राहू द्या. त्यांना मी नावं ठेवत नाही. कायदा जुनं कर्ज पुसत होता, पण नवं कर्ज कोण देणार हे त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि गरिबाला पुढच्या कर्जाची भीती मागच्या कर्जापेक्षा मोठी असते.

आक्का तोवर कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. सोळा वर्षांची. ती म्हणाली, "आई, ऐक. एप्रिल त्र्याहत्तरपासून अठ्ठावीस महिने झाले. व्याजाचे अठ्ठावीस सक एकशे अडुसष्ट. त्यातलं एकवीस महिन्यांचं आपण दिलं. एकशे सव्वीस. सात महिन्यांचं तटलं, ते बेचाळीस. वर मुद्दल साठ हायेच. म्हंजे एकशे सव्वीस देऊन आजबी एकशे दोन देनं हाये."

आईला पाटी-पेन्सिल ठाऊक नव्हती. ती थोडा वेळ बोटांची पेरं मोजत राहिली. मग म्हणाली, "एकशे सव्वीस? आगं, तेवढ्यात दोनदा सुटला आसता की हंडा!"

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. आक्काला घेऊन सावकाराकडे गेली. मी मागं मागं गेले म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. सावकारानं वाद घातला नाही. आतून हंडा-परात आणून ओट्यावर ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "घ्या बाई. कायदा तुमच्या बाजूचा आहे. फक्त रात्री-अपरात्री आता माझं दार वाजवू नका."

आई म्हणाली, "न्हाई वाजवनार, शेठ." एवढंच. हंडा धुळीनं काळा पडला होता. आईनं तो पदरानं पुसला नाही, झाकलाही नाही. तसाच डोक्यावर घेतला आणि भर बाजारातून घरी आली. आक्का मागं परात काखेत मारून. वस्तीच्या तोंडाशी आजी उभी होती. तिनं हंडा उतरवून घेतला, उलटा-पालटा करून पाहिला, आणि वाकड्या 'भी'वरून बोट फिरवून म्हणाली, "आपलाच हाये."

आईची भीती खोटी नव्हती. सहाच महिन्यांत भाऊ विषमज्वरानं पडला. तीन आठवडे ताप. सावकाराचं दार बंद, किराणावाल्याचं खातं आधीच भरलेलं. चार घरांनी दोन-दोन, तीन-तीन रुपये करून औषधाला दिले. त्या चारपैकी एक घर असं होतं की ज्यांच्याकडे त्या दिवशी स्वतःला भाकरी नव्हती. त्या मावशीनं कोंबडी विकली. भाऊ वाचला. आज त्याला नातवंडं आहेत.

ते पैसे फेडता फेडता आईच्या डोक्यात आलं की चार घरं अडीला धावतात तर बारा घरं का धावू नयेत. १९७६ च्या बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या विहारात (विहार म्हणजे तेव्हा चार खांब आणि पत्रा) बारा बायकांनी भिशी सुरू केली. दरमहा पाच रुपये. बारा पंचे साठ. सावकाराकडून जेवढे आणले होते बरोबर तेवढेच, हे आईनंच दाखवून दिलं. चिठ्ठ्या वाटीत टाकून लहान पोराकडून काढायच्या, पण कुणाच्या घरी आजारपण असलं तर चिठ्ठी बाजूला आणि पैसे त्या घरी. हिशेब आक्काकडे, त्याच उलट्या वहीत.

भिशीनं सगळं सोनं झालं असं नाही हं. पाचव्या महिन्यात एकीनं आपले साठ उचलले आणि नवऱ्याबरोबर कल्याणला निघून गेली. तिचे पंचवीस भरले होते, पस्तीस बुडाले. अकरा जणींवर तीन-तीन रुपये आणि वर काही पैसे बसले. भांडण एवढं झालं की दोघी बहिणींनी वर्षभर एकमेकींशी बोलणं टाकलं. तरी भिशी मोडली नाही. पुढच्या वेळी नियम झाला की नव्या बाईचा नंबर शेवटच्या चारात.

पहिल्याच वर्षी, जूनमध्ये, चिठ्ठी आक्काची निघाली. तिला चांदीचे पैंजण करायचे आईनं कबूल केलं होतं. सतरावं लागलं होतं, स्थळं यायला लागली होती. त्याच आठवड्यात मी आठवीत गेले होते. पुस्तकं, गणवेश, फी. आक्कानं साठ रुपये आईच्या हातात दिले आणि म्हणाली, "हिचं भागवा." पैंजणांचा विषय पुन्हा निघाला नाही. लग्नातही तिच्या पायांत नव्हते.

आता थोडं बाबासाहेबांबद्दल. जयंतीच्या भाषणांत आपण ऐकतो की त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिला, १९२५ मध्ये हिल्टन यंग कमिशनपुढं साक्ष दिली. मोठीच गोष्ट. आपल्या जिल्ह्यातल्या ओझरच्या घराण्यातले नरेंद्र जाधव पुढं रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ झाले, आणि त्यांनी आपल्या आईबापाची कहाणी 'आमचा बाप आन् आम्ही' या १९९३ च्या पुस्तकात सांगितली, तीही पुष्कळांनी वाचली असेल. पण माझ्या आईला या सगळ्यांपेक्षा एक वेगळी हकीकत लागायची. सुभेदार रामजींची पेन्शन महिना पन्नास रुपये. भीमरावाला पुस्तक हवं असलं आणि हातात पैसे नसले की रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जायचे. पैसे नसले तर मुलीचा दागिना मागून घ्यायचे, तो गहाण ठेवून पुस्तक आणायचे, आणि पेन्शन झाली की सोडवून परत द्यायचे. ही हकीकत सांगताना वक्ते रामजींचं मोठेपण सांगतात, आणि ते आहेच. आई मात्र ऐकून झाल्यावर विचारायची, "त्या पोरींची नावं काय व्हती?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा सभेत कुणालाच सांगता आलं नाही. मी पुढं वाचून तिला सांगितलं : मंजुळा आणि तुळसा. आईनं दोन्ही नावं दोनदा म्हणून पाहिली आणि आक्काकडे बघितलं. आक्का भाजी निवडत होती.

मी शिक्षिका झाले. नाशिकला १९८९ साली मुक्त विद्यापीठ सुरू झालं, शाळा अर्धी सुटलेल्यांनाही तिथं शिकता येतं असं कळल्यावर मी आक्काला फॉर्म आणून दिला. तिनं तो घडी करून गादीखाली ठेवला. दोन वर्षांनी गादी उन्हात टाकताना तो मला सापडला. अर्धा भरलेला होता. नाव, गाव, जन्मतारीख, शिक्षण : सातवी, आणि पुढं कोरा. मी काही विचारलं नाही.

जेलरोडच्या भगिनीला आजचंही थोडं सांगायला हवं. आता हंडा कुणी गहाण घेत नाही. आता वस्तीत ठरलेल्या वारी मोटरसायकलवरून फायनान्सची पोरं येतात, बायकांना गटानं बसवतात, एकीचा हप्ता तटला की बाकीच्यांना उठू देत नाहीत. वर मोबाइलवरची कर्जं निराळीच. तर दोन गोष्टी कागदावर आहेत, त्या जवळ ठेवा. २०१४ च्या कायद्यानं परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, आणि त्याच वर्षी ठरवलेला परवानाधारकाचा दर, शेतकरी नसलेल्यांना, तारण असेल तर वर्षाला १५ टक्के आणि नसेल तर १८ टक्के. आमचा वर्षाला १२० पडत होता, ते आठवा. तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करायची. दुसरं, रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानं, वर्षाला तीन लाखांपर्यंत मिळकत असलेल्या घराला दिलेलं असं कर्ज बिनतारणी असलं पाहिजे, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, वसुलीला सकाळी नऊच्या आधी नि संध्याकाळी सहानंतर दारात यायचं नाही, आणि सगळा आकार एका कागदावर मांडून द्यायचा. तो कागद मागा. मागितल्याशिवाय तो कुणी समजावून सांगत नाही.

आमच्या वस्तीत हा कागद घेऊन बायका आक्काकडे येतात. आता तिला चष्मा आहे, हात थोडा थरथरतो, पण आकडा चुकत नाही. परवाच एक सूनबाई आली होती. कर्ज चाळीस हजारांचं, पण खात्यावर त्याहून कमी जमा झाले म्हणून घाबरलेली. आक्कानं कागदावर बोट ठेवून फी कुठली, विम्याचे पैसे कुठले ते दाखवलं आणि म्हणाली, "आधीच कापून घ्यायची रीत नवी नाही गं."

ती गेल्यावर मी आक्काला विचारलं, आपल्या हंड्याचं यंदा पेपरात लिहू का म्हणून. ती म्हणाली, "लिही की. पण साठ घेतले म्हणशील तर हातात अठ्ठावन्नच आले होते, तेही लिही. दोन रुपये त्यानं चिठ्ठीचे म्हणून आधीच कापले होते." आणि ट्रंकेतून ती वही काढून तिनं मला पान दाखवलं.